जुन्या संगणकाचा प्रोसेसर आणि त्याचा थंडावा



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने संगणकाच्या अंतरंगाविषयी बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान होते, ते वर्गात कोणतेही यंत्र झाकून शिकवीत नसत. आधी उघडत आणि मग शिकवीत. शिवाय विषय शाळेच्याच गरजेतून आलेला आहे. आपल्या संगणककक्षात वीस संगणक आहेत आणि ते २०१२-१३ च्या सुमाराचे आहेत. ते भंगारात काढावेत असे काहींचे म्हणणे. माजी विद्यार्थ्यांनी जी रक्कम देऊ केली आहे तिच्यात नवे संगणक चार-पाचच येतील आणि एका यंत्रापुढे आठ मुले बसतील. तेव्हा जुन्यांचाच मेंदू बदलून त्यांना आणखी काही वर्षे कामाला लावता येईल काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रारंभी शब्दांविषयी थोडे. ‘प्रोसेसर’ला परिभाषेत ‘प्रक्रियक’ म्हणतात आणि तो शब्द मला नावडता नाही. तथापि सिकंदराबादेत पार्कलेनच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये जाऊन कोणी ‘प्रक्रियक’ मागितला, तर दुकानदार त्याला आदराने बसवून घेईल आणि वस्तू मात्र देणार नाही. ज्या शब्दाने बाजारात काम होते तोच येथे वापरतो. म्हणून प्रोसेसर, मदरबोर्ड, सॉकेट, कूलर, पेस्ट.

जुन्या यंत्रात नवा प्राण घालण्याची कल्पना आजची नव्हे. इंटेल कंपनीने १९९२ मध्ये ‘ओव्हरड्राइव्ह’ नावाचे प्रोसेसर विकायला काढले. ज्यांच्याकडे ४८६ जातीचा संगणक होता त्यांनी संपूर्ण यंत्र न बदलता केवळ हा एक तुकडा बसवावा आणि आतली गती दुप्पट करून घ्यावी, अशी योजना होती. १९९५ चा पेंटियम ओव्हरड्राइव्ह तर स्वतःच्या डोक्यावर पंखा घेऊनच आला. आपल्याकडेही जवळचे उदाहरण आहे. भारतीय लिप्यांसाठी आयआयटी कानपूरमध्ये विकसित झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने प्रसृत केलेले ‘जिस्ट’ कार्ड हे असेच एक जोडकाम होते. रोमन लिपीपुरत्या बनवलेल्या यंत्रात ते एक कार्ड खोचले की पडद्यावर देवनागरी उमटे. नवे यंत्र घेण्याची ऐपत नसलेल्या अनेक कचेऱ्यांत मराठीचा संगणकात प्रवेश असा झालेला आहे.

आता आपल्या यंत्रांकडे वळू. त्यांच्या मदरबोर्डवर ‘एलजीए ११५५’ हे सॉकेट आहे. यातील ११५५ हा आकडा म्हणजे प्रोसेसरच्या तळाला टेकणाऱ्या बारीक स्पर्शबिंदूंची संख्या. एवढे स्पर्श कशाला लागतात? यांतले बरेचसे केवळ वीज आत नेण्यासाठी आणि परत आणण्यासाठी असतात. प्रोसेसर साधारण एक व्होल्टवर चालतो. तो सत्तर-पंचाहत्तर वॅट खात असेल, तर भागाकार केल्यावर प्रवाह सत्तर अँपियरच्या घरात जातो. घराच्या मीटरमधून संपूर्ण बिऱ्हाडासाठीही एवढा प्रवाह क्वचितच वाहत असेल. तो नखाएवढ्या वस्तूत शिरतो, म्हणून वाटा शेकड्यांनी लागतात. आणि म्हणूनच त्यांतली एखादी वाकली तर यंत्र सुरू होत नाही किंवा अर्धवट चालते.

या सॉकेटमध्ये दोन पिढ्यांचे प्रोसेसर बसतात. दुसरी पिढी जानेवारी २०११ ची, बत्तीस नॅनोमीटर तंत्राची. तिसरी एप्रिल २०१२ ची, बावीस नॅनोमीटरची. त्यापुढची चौथी पिढी २०१३ मध्ये आली ती ११५० स्पर्शांचे वेगळे सॉकेट घेऊन. ती येथे बसणारच नाही, कितीही स्वस्त मिळाली तरी. आपल्या कक्षातील काही यंत्रांत २०११ चा आय-थ्री २१०० आहे आणि काहींत पेंटियम जी-२०२०. दोन्ही दोन गाभ्यांचे. त्यांच्या जागी बसण्याजोगा आणि जुन्या बाजारात मुबलक मिळणारा प्रोसेसर म्हणजे तिसऱ्या पिढीतील आय-फाइव्ह ३४७०. त्याला चार गाभे, ३.२ गिगाहर्ट्‌झ गती, गरज पडल्यास ३.६ पर्यंत धाव, आणि उष्णतेची मर्यादा ७७ वॅट.

गाभे दुप्पट झाल्याने काय होते, हे लग्नघरातील मुदपाकखान्यावरून समजेल. दोन चुलींवर आचारी भात आणि वरण शिजवील. भाजी आणि पुऱ्यांना थांबावे लागेल. चार चुली झाल्या की चारही पदार्थ एकदम चढतात. मात्र एकट्या भाताला शिजायला लागणारा वेळ चार चुलींमुळे कमी होत नाही. आजचा ब्राउझर प्रत्येक पानासाठी बहुधा वेगळे काम उघडतो, त्यामुळे दोन गाभ्यांच्या यंत्रावर चार पाने उघडताच मुले ताटकळतात. तेथे फरक निश्चित जाणवेल. आय-सेव्हन ३७७० हा त्याच सॉकेटमधला वरचा प्रोसेसर चार गाभ्यांवर आठ कामांची ये-जा करतो. परंतु मराठी टंकलेखन, हिशेबाची पत्रके आणि आज्ञावलीचे पहिले धडे यांसाठी त्याचे जादा पैसे मोजावेत असे मला वाटत नाही. चलच्चित्रांचे संपादन करणाऱ्यांची गोष्ट निराळी.

बाजारात दोन फसव्या वस्तू मिळतात, त्यांची नावे सांगून ठेवतो. झिऑन ई-थ्री १२३० व्ही-टू हा याच सॉकेटचा प्रोसेसर गुणांनी आय-सेव्हनच्या तोडीचा आणि भावाने अनेकदा कमी असतो; पण पडद्यावर चित्र उमटवणारा विभाग त्याच्या अंगात नाही. आय-फाइव्ह ३३५०-पी याचेही तेच. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर यंत्र सुरू होईल, पंखा फिरेल आणि पडदा काळाच राहील. कार्डाचे पैसे धरले तर स्वस्ताई कुठल्या कुठे जाते.

जुना प्रोसेसर विकत घ्यावा की नाही, अशी शंका पुष्कळांना येते. हा तुकडा सहसा झिजत नाही. त्यात हलणारा भाग नाही, आणि मर्यादेत वापरला असेल तर तो मदरबोर्डापेक्षा अधिक काळ टिकतो. तळाच्या सोनेरी बिंदूंवर खोल ओरखडे नाहीत ना, कडा उडालेल्या नाहीत ना, एवढे पाहावे. खरी कसून तपासणी करायची ती मदरबोर्डाची. त्यावर उभ्या डब्यांसारखे कपॅसिटर असतात. त्यांचा माथा सपाट असला पाहिजे. तो फुगलेला किंवा ओघळलेला दिसला, तर त्या यंत्रावर एक रुपयाही घालू नये. त्याचे चांगले भाग काढून दुसऱ्याला द्यावेत. विसांतून सोळा धडधाकट झाले तरी व्यवहार फायद्याचाच आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी हा विषय मी निवडला, त्याकडे येतो. प्रोसेसर बदलणारे पुष्कळ असतात, थंडाव्याचा विचार करणारे थोडे.

प्रोसेसर खातो ती जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. बावीस नॅनोमीटरच्या चार गाभ्यांच्या चकतीवर १.४ अब्ज ट्रान्झिस्टर आहेत आणि तिचे क्षेत्रफळ आहे १६० चौरस मिलिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४८ वॅट. घरातली हजार वॅटची इस्त्री घ्या. तिचा तळ दीडशे-दोनशे चौरस सेंटिमीटरांचा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाच-सहा वॅट. प्रोसेसर इस्त्रीच्या आठपट दाटीने तापतो आणि आपण मात्र त्याला शंभर अंशांच्या आत ठेवू पाहतो. उष्णतेचे प्रमाण गतीशी सरळ वाढते आणि व्होल्टतेच्या वर्गाशी वाढते. यामुळेच २००४ च्या सुमारास केवळ गती वाढवत नेण्याचा मार्ग खुंटला आणि कंपन्या एकाच चकतीवर अधिक गाभे बसवू लागल्या.

कूलर म्हणजे धातूच्या पंखपट्ट्या आणि वर पंखा. त्याची योग्यता एका आकड्याने मोजता येते: प्रत्येक वॅटमागे प्रोसेसर भोवतालच्या हवेपेक्षा किती अंश वर चढतो? हिशेबापुरते धरू की आपला जुना छोटा कूलर स्वच्छ असताना दर वॅटला अर्धा अंश चढू देतो. मे महिन्यात आपल्या हैदराबादेत खोलीतच चाळीस अंश, आणि पेटीच्या आत त्याहून पाच अधिक, म्हणजे पंचेचाळीसपासून आरंभ. जुना पेंटियम ५५ वॅटचा. पूर्ण भाराला तो साडेसत्तावीस अंश चढून साडेबहात्तरवर थांबेल. ७७ वॅटचा आय-फाइव्ह त्याच कूलरखाली साडेत्र्याऐंशीवर जाईल. अद्याप ठीक. परंतु दहा वर्षांची धूळ पट्ट्यांत बसली आणि पेस्ट वाळून भुगा झाली, की अर्ध्या अंशाचा पाऊण अंशाकडे प्रवास होतो. सात दशांश धरले तरी पेंटियम साडेत्र्याऐंशीवर आणि आय-फाइव्ह नव्व्याण्णववर! म्हणजे जुना प्रोसेसर ज्या अस्वच्छ कूलरखाली कसाबसा निभावत होता, त्याच कूलरखाली नवा सीमेला टेकतो.

सीमेला टेकल्यावर काय होते? यंत्र जळत नाही. प्रोसेसर आपली गती आपणच उतरवतो. पडद्यावर कसलीही सूचना येत नाही. वापरणाऱ्याला एवढेच दिसते की पैसे घालून आणलेला नवा प्रोसेसर जुन्याइतकाच रखडतो, आणि मग दोष दुकानदाराला दिला जातो. माझ्या मते प्रोसेसर बदलूनही उपयोग झाला नाही अशा ज्या हकिगती ऐकू येतात, त्यांतील पुष्कळांचे उत्तर या धुळीत आहे.

म्हणून खर्चाचा क्रम असा धरावा. पहिला उपाय फुकटाचा. शाळांतील संगणकाची टेबले अशी बनवलेली असतात की पेटी एका लाकडी कप्प्यात कोंडली जाते. मागून निघालेली गरम हवा त्याच कप्प्यात फिरते आणि पुढून पुन्हा आत जाते. पेटी कप्प्याबाहेर काढावी किंवा कप्प्याची मागची फळी उतरवावी. भोवतालची हवा पाच अंशांनी उतरली की प्रोसेसरही तेवढाच उतरतो. दुसरा उपाय स्वच्छता आणि नवी पेस्ट. एका नळीत अनेक यंत्रे होतात. पेटीच्या मागील बाजूस हवा बाहेर टाकणारा एक पंखा नसेल तर तो बसवावा. कोठीच्या गुजराती गल्लीत तो सहज मिळतो.

यानंतरच कूलर बदलण्याचा विचार. आय-फाइव्हसाठी पूर्वी येणाऱ्या कूलरांपैकी ज्यांच्या मध्यभागी तांब्याचा गाभा दिसतो ते जुन्या बाजारात शोधावेत. तांबे अ‍ॅल्युमिनियमपेक्षा दीडपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहते. त्याहून वरचा म्हणजे उष्णतानळ्यांचा उभा मनोरा. त्या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. आत हवा काढून थोडे पाणी ठेवलेले असते. दाब कमी असल्याने ते थोड्याशा उष्णतेनेही वाफ होते, वर पट्ट्यांशी जाऊन निवते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून खाली झिरपते. भाताच्या पातेल्यावरील झाकणाला वाफ लागून थेंब परत पडतात, तसाच हा व्यवहार, कोणत्याही मोटरवाचून अखंड चालणारा. असा मनोरा दर वॅटचा चढ पाव अंशाजवळ आणू शकतो. मग तोच आय-फाइव्ह मे महिन्यातही पासष्टच्या आत राहतो आणि पंखा संथ फिरत असल्याने खोली शांत राहते. परंतु शाळेच्या रोजच्या कामात प्रोसेसर पूर्ण भाराने क्वचितच चालतो; सोळा मनोरे घेण्याची गरज मला दिसत नाही. शिक्षकांच्या यंत्राला एखादा घ्यावा. घेताना दोन गोष्टी मोजाव्यात. कूलरच्या चार भोकांमधील अंतर ११५५ ला ७५ मिलिमीटर असते. त्याआधीच्या ७७५ सॉकेटला ७२ होते आणि २०२१ च्या १७०० ला ७८ आहे. दुसरी मोजणी पेटीच्या रुंदीची. दीडशे मिलिमीटरचा मनोरा अरुंद पेटीत बसत नाही आणि मग पेटी उघडी ठेवण्याची पाळी येते.

प्रत्यक्ष कृती. सर्वप्रथम, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच मदरबोर्डाचे बायोस अद्ययावत करावे. २०११ च्या एच-६१ बोर्डांना तिसऱ्या पिढीची ओळखच नसते. नवा प्रोसेसर बसवल्यावर ती ओळख करून देता येत नाही, कारण यंत्र तेथपर्यंत पोहोचतच नाही. ज्यांत जी-२०२० चालू आहे त्यांत ही अडचण बहुधा नाही, कारण तोही तिसऱ्या पिढीचाच. ज्या बोर्डाला नवे बायोस उपलब्ध नाही त्याच्यासाठी दुसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह २४०० घ्यावा. तोही चार गाभ्यांचा आहे, मात्र ९५ वॅटचा, त्यामुळे थंडाव्याची काळजी अधिक.

यंत्र दहा मिनिटे चालवून मग बंद करावे, म्हणजे वाळलेली पेस्ट मऊ होते. वायर भिंतीतून काढावी, चालू करण्याचे बटण एकदा दाबून उरलेली वीज सोडावी, आणि पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर विद्युत उतरवावी. इंटेलच्या कूलरला चार प्लास्टिकचे पाय असतात. प्रत्येकाच्या माथ्यावर बाण आहे. त्या दिशेने पाव फेरा देऊन वर ओढले की पाय सुटतो. कूलर सरळ उपटू नये, किंचित पिळून सोडवावा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसावी. सॉकेटची तरफ उचलून प्रोसेसर कडांना धरून उभा वर काढावा. आता उघडे पडतात ते ११५५ केसांसारखे स्प्रिंग. त्यांवर बोट, फडके, फुंकर काहीही जाऊ देऊ नये. नव्या प्रोसेसरच्या एका कोपऱ्यातील त्रिकोण आणि बाजूच्या खाचा जुळवून तो आपल्या वजनानेच खाली टेकू द्यावा. दाबायचे नाही. तरफ लावताना मात्र कुरकुर होते आणि थोडा जोर लागतो. ते स्वाभाविक आहे.

पेस्ट वाटाण्याच्या लहान दाण्याएवढी, मधोमध. हिचे काम उष्णता वाहणे असे समजून लोक ती लोण्यासारखी थापतात. वास्तविक पेस्ट तांब्यापेक्षा कितीतरी मंद वाहक आहे. परंतु दोन गुळगुळीत वाटणाऱ्या धातूंच्या मध्ये जी सूक्ष्म हवा अडकते ती त्याहून फारच वाईट. त्या हवेला हुसकण्यापुरती पेस्ट हवी. कूलरचे पाय समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने, ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबावेत आणि चारही टोके बोर्डाखाली पूर्ण उतरली आहेत हे मागून पाहावे. एक पाय जरी अर्धवट राहिला तरी कूलर एका बाजूने उचललेला राहतो, डगमगत्या चुलीवरल्या तव्यासारखा. पंख्याची चारपदरी वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच लावावी. चौथ्या तारेवरून बोर्ड त्याची गती कमीजास्त करतो. यंत्र सुरू करून आधी बायोसमध्ये तापमान वाचावे. तेथेच ते झपाट्याने सत्तर-ऐंशीकडे चढू लागले तर कूलर नीट बसलेला नाही. तत्काळ बंद करावे.

इतके करूनही एक मर्यादा राहते आणि ती देणगीदारांपासून लपवणे योग्य नाही. विंडोज १० चा नित्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला इंटेलची साधारणपणे आठवी पिढी लागते. ११५५ मधील कोणताही प्रोसेसर तेथे अधिकृतपणे पोहोचत नाही. म्हणून या यंत्रांवर लिनक्स घालावे, असे माझे स्पष्ट मत आहे. युनिकोड देवनागरी आणि इनस्क्रिप्ट कळपाट त्यात मुळातच असतात, आणि इनस्क्रिप्ट ही १९९१ पासूनची भारतीय मानक रचना असल्याने मुलाने एकदा शिकलेली बोटे पुढे कोणत्याही यंत्रावर चालतात. मात्र जुन्या तबकड्या पुसण्यापूर्वी त्यांतील स्मरणिका उतरवून घ्याव्यात. त्या युनिकोडपूर्व फॉन्टांत आहेत आणि त्यांचे रूपांतर हे एक स्वतंत्र काम आहे.

रक्कम अगदीच तुटपुंजी असेल तर प्रोसेसरपूर्वी फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी घ्यावी. एच-६१ बोर्डाची जोडणी जुनी, सेकंदाला तीन गिगाबिटांची, तरीही फरक पहिल्याच दिवशी दिसतो. मेमरी आठ गिगाबाइटपर्यंत न्यावी. या बोर्डांच्या दोन खाचांत डीडीआर-थ्री जातीची पट्टी बसते, नवी बसत नाही.

सभागृहातील ज्यांच्या घरी याहून अलीकडचे संगणक आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. इंटेलचे ११५१ सॉकेट नावाने एक असले तरी २०१५ च्या बोर्डात २०१७ ची आठवी पिढी चालत नाही. स्पर्श तितकेच, अर्थ निराळे. भाषेतही असे शब्द असतात. एएमडीचे एएम-४ मात्र दीर्घायुषी निघाले. २०१७ मधील पुष्कळ बोर्डांना २०२२ मध्ये रायझन ५००० मालिकेचे बायोस मिळाले, आणि पहिल्या रायझनवरून रायझन फाइव्ह ५६०० वर जाणे हा आज कमी खर्चातील फार चांगला बदल आहे. तेथे टाचण्या सॉकेटमध्ये नसून प्रोसेसरलाच असतात, आणि वाळलेल्या पेस्टमुळे कूलरबरोबर प्रोसेसरही उपटून येतो. तेव्हा गरम करून पिळण्याची सूचना तेथे दुप्पट लागू.

कक्षाची निगा मार्चअखेरीस, उन्हाळा चढण्यापूर्वी, वर्षातून एकदा करावी. पेट्या अंगणात नेऊन धूळ उडवावी. आतून पुसण्यासाठी ओले फडके वापरू नये. हवेचा झोत मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, एरवी तो भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. नववीच्या मुलांकडून हे करवून घेतल्यास एका शनिवारी वीसही यंत्रे होतील, आणि प्रत्येक पेटीवर तारीख व त्या दिवशी वाचलेले तापमान यांची चिठ्ठी लावून ठेवता येईल.